म्हातारपणाची तरतूद : कार्ल्याच्या लेण्यापासून आजपर्यंत



मावळात राहतो आणि कार्ल्याचा डोंगर चढलेला नाही, असा माणूस सापडणे कठीण. चैत्रात एकवीरेच्या यात्रेला कोकणातून पालख्या येतात, त्या वेळी तर पायऱ्यांवर पाऊल ठेवायला जागा नसते. देवीच्या देवळाला लागूनच ते भव्य चैत्यगृह आहे. आपण देवीला नारळ वाढवतो, जाताजाता लेण्यात डोकावतो, वरची लाकडी कमान पाहून “वा!” म्हणतो आणि खाली उतरतो. भिंतींवर अक्षरे कोरलेली आहेत, तिकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही.

काही वर्षांपूर्वी मी कॉलेजातल्या मुलांना घेऊन तेथे गेलो होतो. मुलांना लेख दाखवीत होतो, तोच काठी टेकीत एक म्हातारबाबा जवळ येऊन उभे राहिले. खालच्याच एका गावचे. जरा वेळ ऐकून म्हणाले, “मास्तर, काय लिवलंय तिथं?” मी सांगितले, “बाबा, इथे राहणाऱ्या साधूंच्या पोटापाण्यासाठी एक गाव तोडून दिल्याचं लिहिलंय.” बाबा क्षणभर थांबले आणि म्हणाले, “म्हंजी त्यांची सोय दगडावर लिवून ठिवली व्हती म्हना की! आन् आमची कुठं लिवलीया?”

मुले हसली. मला काही हसू आले नाही. इतिहासाच्या माणसाला असा नेमका प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. म्हाताऱ्या, थकल्या, आजारी माणसाची काळजी घ्यायची तर पैसा कोठून आणायचा, तो कोणी सांभाळायचा आणि तो किती दिवस पुरायचा, हा प्रश्न आज साऱ्या जगापुढे आहे. पण तो नवा नाही. आपल्या मावळात तो निदान एकोणीसशे वर्षांचा जुना आहे. तेव्हा बाबांच्या प्रश्नाचे उत्तर शोधायला आपण त्या दगडापासूनच निघू.

कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर उषवदाताचा लेख आहे. याला कोणी ऋषभदत्त असेही म्हणतात. हा क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई. लेख सांगतो की, वलूरक येथील लेण्यांत पावसाळ्याचा वर्षावास करणाऱ्या, चारही दिशांहून आलेल्या प्रव्रजितांच्या निर्वाहासाठी करजिक नावाचे गाव दिले आहे. वलूरक म्हणजेच आजचे कार्ले. मावळातला पाऊस आपण जाणतोच. आषाढ-श्रावणात या डोंगरात भिक्षा मागत हिंडणे धडधाकट माणसालाही अवघड, मग वृद्धाचे काय? तेव्हा दात्याने एकदाच पोतेभर धान्य दिले नाही. दरवर्षी पीक देणारे गावच लावून दिले.

पुढची हकीकत तर अधिकच विचार करण्याजोगी आहे. सातवाहनांनी नहपानाचा पाडाव केला. राज्य बदलले, नाणीसुद्धा बदलली. नहपानाच्या नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपले ठसे मारले. आता शत्रूच्या जावयाने दिलेली देणगी कोण पाळणार? पण त्याच चैत्यगृहात दुसरा लेख आहे. त्यातले राजाचे नाव झिजले आहे. तो गौतमीपुत्राचा असावा असे अभ्यासक मानतात. मामाल येथल्या अमात्याला त्यात आज्ञा आहे की, या लेण्यांतल्या भिक्षूंना करजक गाव दिले आहे. मामाल म्हणजेच आपले मावळ, बरे का! आपल्या प्रदेशाच्या नावाचा हा फार जुना उल्लेख आहे, आणि तो लढाईच्या नव्हे, कोणाच्या तरी पोटापाण्याच्या तरतुदीच्या निमित्ताने आला आहे. राज्य गेले, पण तरतूद उरली.

याच उषवदाताचा नाशिकच्या पांडवलेण्यांतला एक लेख मी गुरुजनांना मुद्दाम सांगतो, कारण त्यात वर्गात घेण्याजोगे एक गणित आहे. त्याने लेण्यातल्या भिक्षूंसाठी ३००० कार्षापणांची ठेव ठेवली. तिला ‘अक्षय नीवी’ म्हणत, म्हणजे मुद्दल कधी मोडायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे. गोवर्धन येथल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० ठेवले, व्याज दरमहा शेकडा एक. दुसऱ्या विणकर श्रेणीकडे १००० ठेवले, व्याज दरमहा शेकडा पाऊण. पहिल्या रकमेतून वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे. आता हिशेब करा. २००० वर महिन्याला २०, वर्षाला २४० कार्षापण. वीस भिक्षू गुणिले बारा, बरोबर २४०. खर्च आधी मोजला आणि मग त्याला पुरेल एवढे मुद्दल ठेवले. वर हा व्यवहार निगमसभेत वाचून दाखविला आणि दप्तरात नोंदविला, असेही लेखात नमूद आहे.

तिसऱ्या शतकात आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळी नाशिकलाच विष्णुदत्ता नावाच्या एका उपासिकेने अशीच ठेव ठेवली. ती कशासाठी, तर आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी. पैसे ठेवले ते पाण्याची यंत्रे चालविणाऱ्यांच्या, तेल्यांच्या व इतर कारागिरांच्या श्रेणींकडे. औषधासाठी वेगळा फंड, तोही एका बाईने उभारलेला, आणि सांभाळणारे गावचे कारागीर! सतराशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे.

या लेखांवरून कोणत्याही तरतुदीला लावण्याजोग्या तीन कसोट्या हाती येतात. पैसा कोठून येतो? तो कोणाच्या हाती आहे आणि त्याची नोंद चारचौघांत झाली आहे काय? आणि तिसरी, त्याचे मोल टिकते काय?

अर्थात जुने ते सारे सोने, असे मला म्हणायचे नाही. ही सोय भिक्षूंची होती, म्हाताऱ्या कुणब्याची नव्हती. करजिक गावचा शेतकरी पिकवीत होता आणि त्याच्या वाट्यातून लेण्यातली चूल पेटत होती. तो स्वतः थकला म्हणजे त्याला कोण पाहत होते, हे कोणी दगडावर कोरलेले नाही. म्हणून बाबांचा प्रश्न खरा.

आता एकदम दीड हजार वर्षे ओलांडून शिवकाळात येऊ. मावळ म्हटले की मावळे आठवतातच. लढाईला गेलेला मावळा परत आला नाही, तर घरच्या म्हाताऱ्या आईबापांचे आणि बायकापोरांचे काय? राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून कृष्णाजी अनंत सभासदाने जी बखर लिहिली, तीत अफझलखानाच्या लढाईनंतरची व्यवस्था दिली आहे. पडलेल्या लोकांच्या मुलांना चाकरीत चालविले, मुलगा नसेल तर बायकोला अर्धे वेतन लावून दिले, आणि जखमींना जखम पाहून पंचवीस होनांपासून दोनशे होनांपर्यंत दिले. पुढच्या मराठी कागदपत्रांत अशा नेमणुकीला ‘बालपरवेशी’ म्हणत. येथे एक नवी गोष्ट दिसते. हे दान नव्हते. केलेल्या चाकरीचा तो हक्क होता. मात्र ज्याने तलवार धरली त्याचा. ज्याने नांगर धरला त्याचे म्हातारपण अजूनही त्याच्या शेतावर आणि मुलावर सोपविलेले होते.

आणि खरे सांगायचे तर शतकानुशतके हेच मावळचे पेन्शन होते. भाताची चार खाचरे, गोठ्यात दोन दुभती, घरात मुलगा-सून. म्हातारा माणूस राखण करी, दावी वळी, नातवंडे सांभाळी, आणि ताटात त्याचा वाटा असे. बलुतेदाराला सुगीचे बलुते मिळे. हे सारे गोड होते, असेही समजू नका. निपुत्रिक विधवा, भूमिहीन मजूर आणि डोंगरातला ठाकर-कातकरी यांना यात फारशी जागा नव्हती. पण ज्याच्याकडे जमीन होती, त्याची जमीन हीच अक्षय नीवी होती. पीक खायचे, मुद्दल मोडायचे नाही.

१८६३ साली बोरघाटातून आगगाडी धावली आणि लोणावळ्याचे रूप पालटले. रेल्वेची वसाहत झाली, दर महिन्याला पगार घेणारा माणूस गावात आला. त्या पगाराबरोबरच प्रॉव्हिडंट फंड हा शब्द आला आणि सरकारी कचेरीतून पेन्शन हा शब्द आला. चाकरी चालू असतानाच थोडे बाजूला टाकायचे, धन्यानेही त्यात भर घालायची आणि थकल्यावर ते हाती यायचे. मात्र हा फंड कायम नोकराचा. ज्या हजारो मजुरांनी घाटाचे बोगदे फोडले, पूल बांधले, ते कंत्राटदाराचे लोक. काम संपले, नाते संपले.

त्याच रुळांवरून मावळची तरुण मुले मुंबईला निघाली. कोणी गिरणीत गेला, कोणी गोदीत, कोणी माथ्यावर डबे घेतले. १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेला मुंबईचा डबेवाल्यांचा व्यवसाय मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतल्या माणसांनी नावारूपाला आणला, हे जगजाहीर आहे. परदेशचे लोक त्यांच्या चोख कामाचा अभ्यास करायला येतात. पण हिशेबाची एक बाजू पाहा. डबेवाला कोणाचा नोकर नाही. तो आपल्या टोळीतला भागीदार. नोकर नाही म्हणून मालक नाही, आणि मालक नाही म्हणून १९५२ च्या भविष्यनिर्वाह निधी कायद्याचा आधार नाही. चाळीस वर्षे दुसऱ्याला वेळेवर जेवण पोचविणारा माणूस थकून गावी परततो, तो पुन्हा खाचराच्या आणि मुलाच्याच भरवशावर.

आणि आता तीच खाचरे राहिलेली नाहीत. धरणांच्या पाण्याखाली काही गेली. २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि पुण्यामुंबईचे लोक लोणावळ्याच्या आसपास बंगल्यांसाठी जमिनी शोधू लागले. गुंठ्यावर भाव आले. कोणी लग्नासाठी विकली, कोणी गाडी घेतली, आणि कितीतरी घरांनी म्हाताऱ्याच्या ऑपरेशनसाठी विकली. विकणाऱ्याला मी दोष देत नाही. दवाखान्याचे बिल पुढे असताना दुसरे काय करायचे? पण एवढे ध्यानात घ्या की, जमीन विकली त्या दिवशी त्या घराने आपली अक्षय नीवी मोडली. पैसा बँकेत राहिला तर व्याज, खर्चला तर तेही नाही. आणि पुढच्या म्हाताऱ्याच्या वेळी विकायला काय उरते?

इकडे म्हाताऱ्यांची संख्या वाढते आहे, ही तर आनंदाचीच गोष्ट. देवी, कॉलरा, प्लेग यांतून सुटून माणसे जगू लागली. २०११ च्या जनगणनेत देशात दर शंभरांत साडेआठ माणसे साठीच्या पुढची होती, महाराष्ट्रात जवळजवळ दहा. घरे लहान झाली, मुले शहरात गेली. पूर्वी सात जण मिळून एका म्हाताऱ्याला पाहत. आता दोन म्हातारी माणसे एकमेकांना पाहतात.

दुसऱ्या देशांनी काय केले? जर्मनीत बिस्मार्कने १८८९ साली वृद्धविम्याचा कायदा केला. कामगार, मालक आणि सरकार, तिघांनी मिळून पैसा घालायचा. इंग्लंडने १९०८ साली वेगळी वाट धरली. सत्तर वर्षांवरच्या गरिबाला आठवड्याला पाच शिलिंग, तेही करातून; त्याने आधी काही भरलेले असो वा नसो. जपानने २००० साली तिसरी गोष्ट केली. औषधाचा खर्च वेगळा आणि सेवेचा वेगळा, हे त्यांनी ओळखले. चाळिशी गाठलेल्या प्रत्येकाने सेवाविम्याचा हप्ता भरायचा, जवळजवळ निम्मा भार करांनी उचलायचा, आणि अंथरुणाला खिळलेल्याला घरी येऊन आंघोळ घालणारे, कूस बदलणारे माणूस मिळायचे.

आपल्याकडे घटनेच्या ४१ व्या कलमात वार्धक्यात सरकारी साहाय्य मिळावे असे तत्त्व घातलेले आहे. महाराष्ट्रात १९८० साली संजय गांधी निराधार योजना आली, पुढे श्रावणबाळ योजना आली. केंद्राने १५ ऑगस्ट १९९५ पासून वृद्धांना दरमहा ७५ रुपये सुरू केले. २००६ साली ते २०० झाले. ऐंशीच्या पुढच्यांना २०११ पासून ५००. आता तिसरी कसोटी लावा. साठ ते ऐंशी वयाच्या माणसासाठी केंद्राचा वाटा २०२४ सालापर्यंत त्या दोनशेवरच थांबलेला होता. एवढ्या वर्षांत तेलाचे, डाळीचे, रक्तदाबाच्या गोळ्यांचे भाव थांबले होते काय? राज्याने आपली भर घातली, म्हणून २०२३ साली श्रावणबाळची रक्कम दीड हजार झाली. ती मोलाची आहे. पण ती ठरीव आहे. दरवेळी मागावी लागते, तेव्हा वाढते. उषवदाताच्या करजिक गावाचे तसे नव्हते. धान्य महाग झाले तरी गावाने धान्यच दिले असते. रकमेवर नव्हे, पिकावर बांधलेली तरतूद टिकते. आजच्या भाषेत, पेन्शन भाववाढीला किंवा मजुरीला बांधले पाहिजे. पेन्शन परिषदेच्या वतीने २०१२ साली बाबा आढाव, अरुणा रॉय आदींनी हीच मागणी केली होती की, वृद्धाला किमान वेतनाच्या निम्मे तरी मिळावे.

दवाखान्याचे पाहू. २०२४ साली सत्तर वर्षांवरच्या सर्वांना आयुष्मान भारत योजनेत पाच लाखांपर्यंतचे उपचार खुले झाले, मिळकतीची अट न ठेवता. हे फार मोठे पाऊल आहे. यामुळे काही खाचरे नक्कीच वाचतील. पण ही योजना मुख्यतः दवाखान्यात दाखल झालेल्या माणसासाठी आहे. रोजची गोळी, मोतीबिंदूनंतरचा चष्मा, गुडघे धरले म्हणून तालुक्याला जाण्याची रिक्षा, आणि लकवा झालेल्याच्या उशाशी बसणारे माणूस, हा खर्च घरावरच. त्यातही उशाशी बसणारी सहसा सून किंवा लेक असते. तिची बुडालेली मजुरी कोणत्याच वहीत लिहिली जात नाही.

“हे सारे खरे, पण पैसा आणायचा कोठून?” असे तुम्ही विचाराल. यालाही उत्तर आपल्याच मातीत आहे. आपल्या मावळातल्या तळेगावचा पैसा फंडाचा काच कारखाना आठवा. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करण्याची कल्पना काढली, लोकमान्यांनी ती उचलून धरली आणि १९०८ साली कारखाना उभा राहिला. थोड्याथोड्याने फंड होतो, हे मावळाने पाहिले आहे. १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. हमाल रोज नव्या व्यापाऱ्याकडे काम करतो, त्याला एक मालक नाही. म्हणून मंडळ नेमले, व्यापाऱ्यांकडून मजुरीवर ठरावीक आकार घेतला आणि हमालाला फंड, ग्रॅच्युइटी, औषधपाणी मिळाले. मालक नाही म्हणून फंड नाही, हे म्हणणे त्या दिवशी खोटे ठरले. तसेच १९७५ साली रोजगार हमीसाठी व्यवसाय कर लावला. शहरातल्या पगारदाराने महिन्याला काही रुपये द्यायचे आणि दुष्काळी खेड्यातल्या हाताला काम मिळायचे. कर कडू असतो, पण तो कोणासाठी आहे हे लोकांना दिसले तर ते तो देतात.

मग जे हमालाला आणि दुष्काळग्रस्ताला साधले, ते डबेवाल्याला, शेतमजुराला आणि घरकाम करणाऱ्या बाईला का साधू नये? ज्या मावळच्या हवेसाठी आणि पाण्यासाठी शहर येथे धावत येते, त्या मावळच्या थकल्या माणसांसाठी बंगल्यांवरच्या आणि हॉटेलांवरच्या करातला ठरीव हिस्सा बाजूला का काढू नये? दया म्हणून नव्हे, आणि निवडणुकीपुरताही नव्हे. मुद्दल न मोडणारी, चारचौघांत वाचलेली ठेव म्हणून.

हे कायदे सरकारने करायचे. पण एक काम आपल्या हातचे आहे, आणि ते गुरुजनांकडे मी मागतो. आपल्या गावातल्या पासष्टीच्या पुढच्या माणसांची यादी करा. कोणाला श्रावणबाळचे पैसे मिळतात, कोणाचे नाव वयाच्या दाखल्यावाचून अडले आहे, कोणाचा हयातीचा दाखला राहिला, कोणाचे बोटांचे ठसे यंत्राला उमटत नाहीत, कोण दोन महिने औषधावाचून आहे, हे लिहा. वरच्या वर्गातली मुले हे काम आनंदाने करतील. अर्ज लिहिणे हाही मराठीचाच धडा आहे. मग ती यादी ग्रामसभेत मांडा. फक्त कोणाच्या दुखण्याचा बोभाटा होऊ देऊ नका. किती जणांचे अडले आहे आणि ते कोणत्या टेबलावर अडले आहे, तेवढे मोठ्याने वाचा. गोवर्धनच्या निगमसभेत ठेव वाचून दाखवीत ती याचसाठी. जे चारचौघांत वाचले जाते, ते सहसा कोणाला बुडविता येत नाही. वडगावच्या तहसील कचेरीत एकट्या म्हाताऱ्याने पाच खेपा घालण्यापेक्षा ग्रामसभेचा एक ठराव जास्त बोलतो.

त्या म्हातारबाबांना मी त्या दिवशी उत्तर देऊ शकलो नाही. मुलांची बस खाली थांबली होती, उतरण्याची घाई होती. तेही काठी टेकीत देवळाकडे वळले. आज भेटले, तर मी एवढेच सांगेन : बाबा, तुमची सोय थोडी कायद्यात लिहिली आहे, थोडी सरकारी ठरावात लिहिली आहे, आणि पुष्कळशी लिहायची राहिली आहे. जी लिहिली आहे ती तुमच्या हाती पडते की नाही, हे तुमच्या गावच्या शाळेतली मुले पाहून जातील. जी राहिली आहे, ती लिहून घेणे हे आम्हां सर्वांचे काम.